जपानीत ‘गरज नाही’ सांगताना: कोतो वा नाइ, मादे मो नाइ आणि मंडळी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मागून येणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चाकणच्या एका कंपनीत जपानी मंडळींबरोबर काम करता आणि एन-२ ची तयारी करताय, म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एका पातळीची (एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड). तुमचे बुचो, म्हणजे विभागप्रमुख, मीटिंगसाठी प्लांटवर येणार होते. मीटिंग ऑनलाइन ठरली, म्हणून तुम्ही त्यांना मेल केली: ‘कोज्यो नि कुरु कोतो वा आरिमासेन.’ तुम्हाला म्हणायचं होतं, प्लांटवर यायची गरज नाही. उत्तर एका ओळीचं आणि कोरडं आलं. पुस्तकात तर ‘कोतो वा नाइ’पुढे ‘गरज नाही’ असाच अर्थ दिलाय. मग चुकलं कुठे? आणि ‘नाकुतेमो इइ’, ‘हित्सुयो वा नाइ’, ‘मादे मो नाइ’, ‘नि वा ओयोबानाइ’ या सगळ्यांपुढेही तोच अर्थ असेल, तर कुठे काय वापरायचं?

व्याकरणात तुम्ही काही चुकला नाहीत. क्रियापदाचं मूळ रूप, पुढे ‘कोतो वा नाइ’, त्याचं सभ्य रूप ‘आरिमासेन’, सगळं जागच्या जागी आहे. घोटाळा वेगळ्या ठिकाणी आहे. या पाचही रचना कशाची तरी गरज नाकारतात, पण ती गरज कुणाला वाटत होती हे प्रत्येकीत वेगळं आहे. नियमाला वाटत होती? समोरच्याला उगाच वाटत होती? की तो केवळ सौजन्यापोटी काही करायला निघाला होता? मी वर्गात या रचना शिकवते आणि दुभाषी म्हणून कारखान्यांत रोज ऐकते. माझा अनुभव असा, की हा एक प्रश्न स्वतःला विचारला की निम्म्याहून जास्त गोंधळ तिथेच मिटतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच कबूल करते. तुमचं आणि बुचोंचं नातं किती मोकळं आहे, तुमच्या कंपनीत मेलची भाषा किती औपचारिक असते, यावर बरंच ठरतं. हेच वाक्य समोरासमोर हसून म्हटलं असतंत तर कदाचित खपूनही गेलं असतं. मेलमध्ये सूर ऐकू येत नाही. शिवाय कोरडं उत्तर तुमच्या वाक्यामुळेच आलं असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. बुचो त्या दिवशी सात मीटिंगांत अडकलेले असतील. पण वाक्य बदलण्यासारखं होतं, हे मात्र नक्की.

सगळ्यात सोप्यापासून सुरुवात करू. ‘नाकुतेमो इइ’ तुम्ही एन-४ लाच केलं असेल. ‘ताबेरु’चं नकारार्थी ‘ताबेनाइ’, त्यातला शेवटचा ‘इ’ काढून ‘कुतेमो इइ’ लावायचं: ‘ताबेनाकुतेमो इइ’. इंग्रजीतल्या पुस्तकांवरून शिकणारे हे सूत्रासारखं पाठ करतात. मराठी माणसाला पाठ करायचं काही कारण नाही, कारण आपण रोज हेच बोलतो: ‘नाही खाल्लंस तरी चालेल.’ ‘तेमो’ म्हणजे आपलं ‘तरी’, ‘इइ’ म्हणजे आपलं ‘चालेल’. त्याचा विरुद्ध प्रकारही तसाच जुळतो. ‘इकानाकुते वा इकेनाइ’ म्हणजे ‘न जाऊन चालणार नाही’, आणि गंमत म्हणजे हा ‘इकेनाइ’ मुळात ‘इकु’, म्हणजे ‘जाणं’, या क्रियापदातूनच निघालाय. आपलं चालत नाही, त्यांचं जात नाही.

इथे गरज बाहेरून आलेली असते: एखादा नियम, रीत, ठरलेला कार्यक्रम, आईने ताटात वाढलेली भाजी. बोलणारा त्यातून सूट देतो आणि निवड समोरच्यावर सोडतो. ‘झेन्बु ताबेनाकुतेमो इइ यो’, सगळं संपवलं नाहीस तरी चालेल. संपवलंस तर उत्तमच. नामांबरोबरही हे फार कामाला येतं: ‘क्यो ज्या नाकुतेमो इइ देसु’, आजच पाहिजे असं काही नाही. काम मागताना हे वाक्य मनात ठेवा. जपानी सहकाऱ्याला घाई नाही हे सांगायला याहून सोपी रचना नाही.

पण सूट देणारा नेहमी वरच्या जागी असतो, आणि खोच इथेच आहे. वरिष्ठांना ‘कोनाकुतेमो इइ देसु’ म्हटलं की आपण त्यांना परवानगी दिल्यासारखं होतं. त्याहून वाईट म्हणजे, साहेबाने कामगाराला ‘आशिता कारा कोनाकुतेमो इइ’ म्हटलं तर त्याचा अर्थ उद्या सुट्टी असा होत नाही. मराठीतही साहेब जेव्हा थंडपणे म्हणतो, ‘उद्यापासून नाही आलात तरी चालेल’, तेव्हा माणूस डबा उचलून घरी जातो आणि नवी नोकरी शोधायला लागतो. अगदी तेच. म्हणून वरच्या माणसाशी बोलताना ‘इइ’च्या जागी ‘दाइज्योबु’, म्हणजे ‘हरकत नाही’, घ्या आणि क्रियापद आदरार्थी करा. त्याचं उदाहरण पुढे तुमच्या मेलपाशी देते.

‘हित्सुयो वा नाइ’वर फार वेळ घालवत नाही. ‘हित्सुयो’ म्हणजे गरज, आवश्यकता. क्रियापद मूळ रूपात, ‘इकु हित्सुयो वा नाइ’. नाम असेल तर मध्ये ‘नो’, ‘योयाकु नो हित्सुयो वा आरिमासेन’, आगाऊ नोंदणीची आवश्यकता नाही. इथे कुणाच्या मनाचा प्रश्नच नसतो. परिस्थिती तपासली, गरज आढळली नाही, विषय संपला. त्यामुळे सूचनाफलक, फॉर्म, नियमावली, तांत्रिक अहवाल हे याचं घर. घरगुती बोलण्यात ते कागदी वाटतं. लेकराला ‘झेन्बु ताबेरु हित्सुयो वा नाइ’ म्हणणारी आई आहारतज्ज्ञ असावी असं वाटेल. एकच चूक वर्गात वारंवार दिसते: ‘इकानाइ हित्सुयो’. नकार दोनदा लावू नका, ‘न जायची गरज नाही’ असं आपण तरी कुठे म्हणतो?

याच कुळातला लेखी शब्द ‘फुयो’. ‘हेन्शिन फुयो’, उत्तर पाठवण्याची आवश्यकता नाही. २०२० मध्ये कोविडच्या काळात जपानभर ‘फुयो-फुक्यु’ हा शब्द सतत कानावर पडायचा: गरजेचं नसलेलं आणि तातडीचंही नसलेलं बाहेर पडणं टाळा. त्याचाच चुलतभाऊ ‘मुयो’ मात्र जपून. ‘शिम्पाइ मुयो’ म्हणजे काळजी नको, इथवर ठीक. पण फाटकावर ‘ताचिइरि मुयो’ लिहिलं असेल तर आत जायची गरज नाही असा अर्थ लावू नका, ती सरळ प्रवेशबंदी आहे. १५ मे १९३२ ला नौदलाचे तरुण अधिकारी पंतप्रधान इनुकाइ त्सुयोशि यांच्या निवासस्थानी घुसले. ‘बोललो तर समजेल’ असं इनुकाइ म्हणाले आणि त्यांना ‘मोन्दो मुयो’, म्हणजे प्रश्नोत्तरं नकोत, असं उत्तर देऊन गोळ्या घातल्या गेल्या, अशी हकीकत सांगतात. परीक्षेत हे येणार नाही, पण ‘मुयो’मधला दरडावणीचा सूर यानंतर सहसा विसरला जात नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, ‘कोतो वा नाइ’. जेएलपीटीने २०१० च्या बदलानंतर कुठल्या पातळीला कोणतं व्याकरण याची अधिकृत यादी देणं बंद केलं, म्हणून ही रचना कुठे एन-३ मध्ये सापडते, कुठे एन-२ मध्ये. ते फार मनावर घेऊ नका. महत्त्वाचं हे, की तुम्ही आधी ‘कोतो दा’ शिकला असाल: ‘हायाकु नेरु कोतो दा’, लवकर झोपावं हे बरं. तो सल्ला आहे, आणि सल्ला देणारा वरच्या जागी किंवा निदान बरोबरीचा असतो. ‘कोतो वा नाइ’ ही त्याच सल्ल्याची दुसरी बाजू आहे: असं करू नकोस, त्याची काही गरज नाही. त्यात गृहीत धरलेलं असतं की समोरचा काहीतरी जास्तच करतोय, जास्त रडतोय, जास्त घाबरतोय, उगाच धावपळ करतोय.

याला मराठीत ‘गरज नाही’पेक्षा ‘काही कारण नाही’ बरोबर बसतं. ‘शिम्पाइ सुरु कोतो वा नाइ’, काळजी करायचं काही कारण नाही. ‘सोन्ना नि ओकोरु कोतो वा नाइ देश्यो’, एवढं चिडायचं काय कारण आहे? ‘वाझावाझा इकु कोतो वा नाइ यो, देन्वा दे ज्युबुन दा’, मुद्दाम कशाला जायचं, फोनवर भागेल. ‘सोन्ना नि’, ‘वाझावाझा’, ‘नानि मो’ हे शब्द याच्याबरोबर सतत येतात, आणि तिन्ही शब्द ‘एवढं’, ‘मुद्दाम’, ‘उगाच’ या अर्थाचे आहेत. मैत्रिणीला, धाकट्या भावाला, घाबरलेल्या ज्युनियरला धीर द्यायला यासारखी दुसरी रचना नाही. क्वचित स्वतःबद्दलही येते, पण तेव्हाही कुणाच्या तरी अपेक्षेला उलट उत्तर म्हणूनच: ‘नानि मो वाताशि गा आयामारु कोतो वा नाइ’, मी कशाला माफी मागू?

तर तुमच्या मेलचा बुचोंना लागलेला अर्थ साधारण असा असावा: ‘तुम्ही प्लांटवर कशाला यायला हवं?’ सभ्य ‘आरिमासेन’ लावलं तरी आतला सूर जात नाही. वर ‘येणं’ या क्रियेला साधं ‘कुरु’ वापरलंत, ते वरिष्ठांच्या बाबतीत आणखी खटकतं.

शिवाय एक दुसरा अर्थही डोकावतो. ‘कोतो वा नाइ’ म्हणजे ‘असं घडत नाही’ किंवा ‘आता घडणार नाही’ असाही होतो. ‘मो कारे नि आउ कोतो वा नाइ’ हे वाक्य बघा. त्याला भेटायची गरज नाही, असा अर्थ लावलात तर चुकाल; आता त्याची पुन्हा भेट होणे नाही, असा तो अर्थ आहे. ‘कारे वा ओकुरेरु कोतो वा नाइ’ म्हणजे तो कधी उशिरा येत नाही. कुठला अर्थ घ्यायचा हे शेजारचे शब्द सांगतात. ‘मो’ (आता), ‘निदो तो’ (पुन्हा कधी), ‘केश्शिते’ (कधीही) असतील तर घडण्याबद्दल. ‘वाझावाझा’, ‘सोन्ना नि’ असतील तर गरजेबद्दल. आणि क्रियापद बघायचं: उशीर होणं कुणी ठरवून करत नाही, मग त्याबद्दल सल्ला कसा देणार? रडणं, चिडणं, लाजणं यांना मात्र जपानी भाषा आवरता येण्यासारख्या गोष्टींत धरते, त्यामुळे तिथे गरजेचाच अर्थ लागतो. आणि मागे ‘ता’ आलं, ‘इत्ता कोतो वा नाइ’, तर तो निव्वळ अनुभव: कधी गेलेलो नाही.

मेल कशी लिहायची? माझं मत विचाराल तर ‘येऊ नका’ हा भागच गाळा आणि काय केलं तर पुरेल ते सांगा: ‘ओन्राइन दे गोसान्का इतादाकेरेबा साइवाइ देसु’, ऑनलाइन सहभागी झालात तर आनंद होईल. न येण्याचा उल्लेख हवाच असेल, कारण त्यांनी गाडी सांगून ठेवली असेल, तर त्याआधी ‘ओकोशि इतादाकानाकुतेमो दाइज्योबु देसु’ जोडा. ही तीच ‘नाकुतेमो’ची रचना, पण ‘ओकोशि इतादाकु’ने त्यांचं येणं आदराने उचललंय आणि ‘दाइज्योबु’ने परवानगीचा सूर पुसलाय. जपानी ऑफिसात हे वाक्य सर्रास चालतं.

आता ‘मादे मो नाइ’. ही माझी आवडती रचना आहे, म्हणून इथे जरा रेंगाळणार. ‘मादे’ म्हणजे ‘पर्यंत’, हे तुम्ही पहिल्या महिन्यात शिकलात. उपायांच्या पायऱ्या आहेत अशी कल्पना करा; ‘मादे मो नाइ’ सांगतं की त्या वरच्या पायरीपर्यंत जायला नको, खालच्याच पायरीवर काम होईल. ‘इश्या नि इकु मादे मो नाइ’, डॉक्टरकडे जाण्याइतकं काही नाही, गोळी घेऊन झोपलं की बरं वाटेल. म्हणजे काहीतरी करायचंच आहे, फक्त एवढं मोठं नाही.

कारखान्यात हा फरक पैशांत मोजला जातो. समजा, एका लॉटमध्ये काही भागांवर ओरखडे सापडलेत आणि जपानी क्वालिटीवाले म्हणतात, ‘झेन्सू केन्सा सुरु मादे मो नाइ.’ झेन्सू केन्सा म्हणजे एकूण एक नग तपासणं. नवखा दुभाषी इथे ‘तपासायची गरज नाही’ असं सांगून मोकळा होईल, लाइनवरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतील आणि लॉट तसाच पुढे जाईल. म्हणायचं वेगळंच होतं: सगळे नग तपासण्यापर्यंत जायला नको, पण नुकितोरि, म्हणजे मधले मधले काढून तपासणी, होणारच आहे. ते ‘केन्सा सुरु हित्सुयो वा नाइ’ म्हणाले असते तर तपासणीच नको. ‘केन्सा शिनाकुतेमो इइ’ म्हणाले असते तर तपासणीचा ठरलेला नियम या वेळी माफ. तीन वाक्यं, शॉप फ्लोअरवर तीन वेगळी कामं. म्हणून ‘मादे मो नाइ’ ऐकलं की मी लगेच विचारते, ‘मग काय करायचं?’ उत्तर जवळजवळ नेहमी तयार असतं.

वाक्याच्या सुरुवातीला येणारं ‘इउ मादे मो नाकु’ तर तुम्ही ओळखलंच असेल: हे वेगळं सांगायला नकोच. निबंधात, भाषणात शोभतं. ग्राहकाशी बोलताना हात आखडता घ्या, ‘एवढंही तुम्हाला कळत नाही का’ असा वास येऊ शकतो.

‘नि वा ओयोबानाइ’ हे एन-१ चं, पण तुम्हाला मेलमध्ये आत्ताच भेटेल. यात समोरचा सौजन्याने काही करायला निघालाय आणि आपण नम्रपणे त्याची तसदी वाचवतो: ‘ओमुकाए नि वा ओयोबिमासेन’, मला घ्यायला यायची तसदी घेऊ नका. ‘गोशिम्पाइ नि वा ओयोबिमासेन’ हे मेलमध्ये छान दिसतं, समोरासमोर थोडं जुन्या वळणाचं वाटतं. ‘गोहेन्शिन वा फुयो देसु’ काहींना तुटक वाटतं. तिथे ‘तोकु नि मोन्दाइ गा नाकेरेबा’, म्हणजे विशेष अडचण नसेल तर, एवढं आधी जोडलं की पुरतं. व्यक्तीच्या नावापुढे ‘नि वा ओयोबानाइ’ आलं तर अर्थ पार वेगळा, ‘त्याची सर येणार नाही’. आणि ‘झु नि सुमु’ ही याच गल्लीतली असली तरी गरज नाकारणारी नाही. ‘ओकाने ओ हारावाझु नि सुन्दा’, पैसे न देता निभावलं. त्यात हुश्श आहे, सल्ला नाही.

दुकानातला एक प्रकार राहिला. जपानमध्ये १ जुलै २०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात, त्यामुळे काउंटरवर ‘फुकुरो वा?’ विचारतात. तिथे यातलं काहीच नको. ‘दाइज्योबु देसु’ म्हणा, किंवा स्पष्ट हवं तर ‘इरिमासेन’, म्हणजे नको.

तर नियमातून सूट द्यायची असेल तर ‘नाकुतेमो इइ’, कोरडी माहिती असेल तर ‘हित्सुयो वा नाइ’, बरोबरीच्याला किंवा धाकट्याला ‘कशाला एवढं’ म्हणायचं असेल तर ‘कोतो वा नाइ’, कमी उपायात भागत असेल तर ‘मादे मो नाइ’, आणि कुणाची तसदी वाचवायची असेल तर ‘नि वा ओयोबानाइ’.

परीक्षेपुरतं दोनच गोष्टी. वाचनात पर्याय निवडताना रिकाम्या जागेच्या पुढचं वाक्य आधी वाचा. तिथे ‘फोनवर भागेल’, ‘मेल पुरे’ असा कमी खटपटीचा उपाय दिला असेल तर ‘मादे मो नाइ’ किंवा ‘कोतो वा नाइ’ यांच्यातलं काही असण्याची शक्यता जास्त. ऐकण्याच्या भागात सगळ्यात मोठा सापळा वेगळाच आहे: ‘इकानाकुच्या’. हे ‘इकानाकुते वा’चं बोलीतलं आखूड रूप, म्हणजे जायलाच हवं. ‘इकानाकुते इइ’ म्हणजे नाही गेलं तरी चालेल. बोलताना इथला ‘मो’ बऱ्याचदा गळतो. भरभर बोलण्यात ‘इकानाकु’पर्यंत दोन्ही सारखीच ऐकू येतात आणि अर्थ बरोबर उलटे. त्यामुळे शब्दाचं शेपूट ऐकायची सवय लावा: ‘च्या’ आलं की काम करायचंय, ‘ते इइ’ आलं की सुटलात.